रामनदीचा गाळ पावसाआधी अडवायचा आहे, हात आणि वर्गणी हवी

नमस्कार,

पुण्यातल्या पाषाण तलावातली जलपर्णी आपण काढतो आणि काही महिन्यांत ती पुन्हा पसरते. तिचं खत तळाच्या गाळात साठलेलं आहे, त्यामुळे नुसती वरची पानं ओढून हा प्रश्न सुटणार नाही.

भूगाव-बावधनच्या बाजूला टेकड्या फोडल्या जातात, राडारोडा ओढ्यात पडतो. पहिल्या जोरदार पावसात ती माती रामनदीतून तलावात येते. जाड मुरूम वाटेतच बसतो, बारीक चिकणमाती मात्र पाण्याबरोबर पुढे जाते. सांडपाण्यातला आणि साबण-पावडरीतला फॉस्फरस, म्हणजे जलपर्णीचं खत, याच बारीक कणांना, त्यांच्यावरच्या लोहाला चिकटतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणजे उद्या सगळं सांडपाणी थांबलं तरी जुना गाळ कित्येक वर्षं जलपर्णीला आणि शेवाळाला पोसत राहील. त्यातच गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, तळाच्या वनस्पती मरतात आणि गाळ धरून ठेवायला कुणी उरत नाही.

हे पाणी पुढे मुळेत, मग भीमेतून उजनीत जातं. सोलापूरकर तेच पितात, हे आपण पुणेकरांनी विसरू नये.

गाळ काढणं हे मोठ्या यंत्रांचं काम आहे, त्यासाठी महापालिकेकडे आमचा पाठपुरावा चालू राहील. पण नवा गाळ अडवणं आपल्या हातात आहे. वरच्या ओढ्यांमध्ये अनघड दगडांचे छोटे बांध घालायचे आणि काठाने वाळा लावायचा. वाळ्याची मुळं खोल जातात, माती घट्ट धरतात. पहारी, घमेली, वाळ्याची रोपं आणि दगड वाहून न्यायला टेम्पो, एवढं हवं आहे.

वर्गणीतला काही भाग गाळाच्या तपासणीसाठी राखून ठेवू. काही शेतकऱ्यांनी हा गाळ मागितला आहे. शेतात तो सोनंच, पण शहराच्या गाळात जड धातू असू शकतात. तपासल्याशिवाय कुणाच्याही शेतात तो टाकणं आम्हाला पटत नाही.

श्रमदान मे महिन्यातल्या दर रविवारी, सकाळी साडेसहाला, तलावाच्या बांधावरून निघून. टोपी आणि पाण्याची बाटली आणा. ज्यांना दगड उचलणं जमणार नाही त्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाण्यात काळी-पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, एवढं वहीत लिहावं. पाणी किती गढूळ आहे ते यावरून कळतं, म्हणून ही नोंद आम्हाला फार मोलाची आहे. वर्गणी कितीही चालेल, पावती मिळेल, आणि खर्चाचा हिशोब दर महिन्याला सोसायट्यांच्या फलकांवर लावू.