हुबेहूबपणाचे गुण

नागपूर
मंगळवार

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं. उत्तर मात्र सविस्तर द्यायचं होतं, म्हणून हे पत्र. बालनाट्य स्पर्धेच्या निकालपत्रावर माझ्याबरोबर परीक्षक म्हणून तू सही केलीस, पण हत्तीच्या नाटकाला सिंहाच्या नाटकापेक्षा जास्त गुण, हे मनातून तुला पटलेलं नाही. तू म्हणतोस, सिंहाच्या नाटकवाल्यांनी 'लायन किंग' सिनेमा हुबेहूब उभा केला, एक प्रसंग गाळला नाही, पोरांनी जीव तोडून मेहनत घेतली. मग गुण कापले कशाचे? त्या हुबेहूबपणाचेच कापले, दिलीप.

आठवून बघ. मागे भिंतभर पडदा, त्यावर सिनेमातलं जंगल पळतंय. पुढे भाड्यानं आणलेल्या फरच्या पोशाखात पोरं, तोंडावर पूर्ण मुखवटे, गाणी ध्वनिमुद्रित. त्या मुखवट्यांच्या आत कोण हसतंय, कोण घाबरलंय, काही कळायला मार्ग नव्हता. बाप मेल्यावर छाव्याचं काम करणारा पोरगा खरोखर रडत होता, हे मला पडदा पडल्यावर विंगेत कळलं. तो प्रसंग प्रेक्षकांपर्यंत पोचलाच नाही. याचा दोष मी पोरांना देत नाही, ज्यानं बसवलं त्याला देतो.

आणि त्याच सिनेमावरून झालेलं मूळ इंग्रजी नाटक बरोबर उलट्या वाटेनं गेलेलं आहे. 'द लायन किंग' सिनेमा १९९४चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटक आलं १९९७ साली, दिग्दर्शिका ज्युली टेमर. मी ते लंडनला लेकीकडे गेलो तेव्हा लायसियम थिएटरात पाहिलं, तिथे ते १९९९पासून चालू आहे. सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्यावर, कपाळाच्या वर असतो. खाली माणसाचा चेहरा उघडा. तुला दोन्ही एकदम दिसतात, जनावरही आणि नटही. कुरण म्हणजे डोक्यावर गवताचे चौकोन घेऊन चालणारी माणसं. दुष्काळ दाखवायचा तर रंगमंचावर पसरलेलं पाण्याचं रेशमी कापड मधल्या भोकातून हळूहळू आत ओढून घेतात, तळं डोळ्यांदेखत आटतं. शोक करणाऱ्या सिंहिणी डोळ्यांतून लांब फिती ओढून काढतात. युक्ती उघड दिसते, तरी घशात आवंढा येतो. सिनेमा दीड तासाच्या आतबाहेर, नाटक अडीच तासांचं. पण वाढवलेल्या वेळात काहीतरी नवं मिळतं. सिनेमातला शहाणा माकड रफिकी नाटकात बाई झाला, छाव्याची मैत्रीण नाला, तिला स्वतःचं गाणं मिळालं, कारण मूळ कथेत बायकांना फारशी जागाच नव्हती. तेही नाटक सगळं मला आवडलं असं नाही. टिमॉन आणि पुंबा ही विनोदी जोडी, ते थेट सिनेमातून उचलून ठेवल्यासारखे आहेत, आणि नेमके तेवढेच प्रसंग मला शिळे वाटले.

आता दुसरं नाटक, हत्तीचं पिल्लू. 'डम्बो' हा १९४१चा सिनेमा, जेमतेम ६४ मिनिटांचा; मोठ्या कानांवरून सगळे ज्याला हसतात आणि शेवटी जे त्याच कानांनी उडतं, त्या पिल्लाची गोष्ट. या पोरांकडे पडदा नाही, पैसा नाही. चौथीतली ती बारकी मुलगी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन सुपं बांधलेली. झाले कान! खुशीत असली की सुपं हलायची, कोणी हसलं की खाली पडायची. सिनेमात डम्बो एक शब्द बोलत नाही. यांनीही त्याला मुकाच ठेवला, संवाद चिकटवण्याचा मोह टाळला. याला मी दिग्दर्शकाची समज म्हणतो. आईला कोंडतात तो प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एक शिडी आडवी धरली, पायऱ्यांचे गज झाले, आई मागे अंधारात. फक्त तिचा एक हात गजांतून बाहेर आला, चाचपडत एका सुपावरून फिरला, आणि तिनं अंगाई धरली. सूर थोडा चढा लागला होता, पण तो तिचा स्वतःचा होता, त्या क्षणाचा होता. तू देसाईगंजचा, झाडीपट्टीच्या नाटकांत वाढलेला. रात्रभर मंडपात बसून नटाच्या तोंडचं पद ऐकणाऱ्या माणसाला ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवलेले कसे चालले, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि उड्डाण! पिल्लू उडालंच नाही, दिलीप. ते मधोमध उभं, सुपं जोरात हलतायत, आणि भोवतालची पोरं हळूहळू माना वर करत गेली. मी परीक्षक म्हणून बसलेला माणूस, मीही छताकडे पाहिलं. शेजारी तूही पाहिलंस, मी बघितलंय.

उणिवा होत्या. कावळ्यांचं गाणं दुप्पट लांबलं, पेटी आवाजावर चढत होती, शेवट घाईत उरकला. ते गुण मी कापलेलेच आहेत, गुणपत्रिका काढून बघ.

एक गोष्ट मात्र आयोजकांच्या कानावर घालायला हवी, आणि ती दोन्ही नाटकांना लागू आहे. असे सिनेमे मंचावर आणायचे तर हक्क घ्यावे लागतात. 'लायन किंग'च्या तर शाळांसाठीच ३० आणि ६० मिनिटांच्या अधिकृत संहिता परवान्यानं मिळतात. पुढच्या वर्षी प्रवेशअर्जातच परवानगीचं पत्र मागा म्हणावं. नाहीतर मुलांची चांगली नाटकं एखाद्या नोटिशीनं बंद पडतील.

अंतिम फेरीसाठी दोन्ही गटांना सूचना लिहून द्यायच्या आहेत. सिंहवाल्यांना मी लिहिणार आहे की पडदा काढा, मुखवटे कपाळावर सरकवा आणि निदान एक गाणं तरी पोरांना स्वतः म्हणू द्या. त्या छाव्याच्या पोरात दम आहे. तुला याहून वेगळं काही सुचवायचं असेल तर शुक्रवारच्या आत कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता