आई, मी पोहायला शिकते आहे

लंडन, ९ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस म्हणून. इथं तुला मला अडवता येणार नाही. तर आधीच सांगून टाकते: मी पोहायला शिकते आहे. ऑक्टोबरपासून.

झालं वाचून? आता पुढचं शांतपणे वाच.

टँक बंदिस्त आहे, पाणी कोमट आहे आणि मी जिथं शिकते तिथं ते माझ्या छातीपर्यंत येतं. काठावर उंच खुर्चीवर लाइफगार्ड बसलेला असतो आणि त्याचं फोनकडे लक्ष नसतं, मी मुद्दाम पाहिलंय. शिकवणारी बाई साठीची आहे. केस टोपीत असतात. सर्दी एकदाच झाली, ती शेजारच्या टेबलावरून आली, पाण्यातून नाही. काळी पडशील म्हणशील, तर इथं त्यासाठी ऊन लागतं. मी एकटी जात नाही. म्हणजे, जाते एकटीच, पण तिथं पंधरावीस जण असतात.

हे खूळ कामामुळेच डोक्यात शिरलं. जुनी चित्रं स्कॅन करायची आणि प्रत्येकाखाली त्यात काय दिसतं त्याची नोंद लिहायची, हे तुम्हाला माहीत आहेच. पावसाळ्यापासून माझ्याकडे जो गठ्ठा आलाय तो सगळा पाण्यातल्या माणसांचा: पोहणारी, बुडणारी, बुडू नका म्हणून सांगणारी. दिवसभर दुसऱ्यांना पोहताना बघून मला कुणीतरी विचारलं, तुला येतं का? मी "थोडंफार" म्हणाले. खोटं बोलल्याची लाज वाटली आणि दुसऱ्या दिवशी नाव घातलं.

बाबा, तुम्ही मागं तो फॉरवर्ड पाठवला होतात ना, "तीन हजार वर्षांपूर्वीचा पाणबुड्या"? तो दगड इथं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, मी समोर उभी राहून पाहिला. इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातला, असिरियाचा राजा असुरनासिरपाल दुसरा याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वीचं नववं शतक. पाणबुड्या वगैरे काही नाही. काठावरून तिरंदाज बाण सोडताहेत आणि तिघे जीव वाचवायला नदी ओलांडताहेत. दोघांच्या पोटाखाली फुगवलेली पखाल, म्हणजे जनावराचं अख्खं कातडं आहे, तिसरा नुसत्या हातापायांवर चाललाय. पखालीच्या पायाची नळी तोंडात धरून फुंकताहेत, कारण हवा निसटत असणार. आपल्याला ती माणसं पाण्याखाली वाटतात, कारण कोरणाऱ्यानं लाटा वरून पाहिल्यासारख्या दाखवल्या आणि माणसं बाजूनं. ग्रुपवर कळवा, कुणी ऐकणार नाही, तरी कळवा.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक १५८७ सालचं आहे. एव्हरार्ड डिग्बी नावाच्या केंब्रिजच्या मास्तरानं लॅटिनमध्ये लिहिलेलं. त्यात पोहण्याची चाळीसवर चित्रं आहेत, लाकडी ठशांची. गंमत म्हणजे छापणाऱ्यानं देखावे चारपाचच कोरले. काठ तोच, झाडं तीच, मधला माणूस तेवढा बदलून घातला. एका चित्रात तर माणूस पाण्यावर उताणा तरंगत पायाची नखं कापतोय! कशासाठी, ते डिग्बीलाच ठाऊक. आणि हे त्याच केंब्रिजमध्ये, जिथं १५७१ साली विद्यार्थ्यांना पाण्यात उतरायची बंदी झाली होती. पहिल्यांदा सापडला तर फटके, दुसऱ्यांदा सापडला तर नाव काढून टाकायचं. म्हणजे आई, तुझ्या विचाराची माणसं इथंही होती. डिग्बीनं मात्र बंदीऐवजी शिकवणं बरं म्हटलं, तेही मे ते ऑगस्ट एवढ्याच महिन्यांत.

त्याचं इथं कुणीही ऐकत नाही. हे जरा नीट सांगते, कारण अजून मलाच पटलेलं नाही. हाइड पार्कमध्ये सर्पेंटाइन नावाचं तळं आहे. नाताळच्या दिवशी सकाळी, जेव्हा शहाणी माणसं पांघरुणात असतात, तेव्हा तिथं पोहण्याची शर्यत असते. १८६४ पासून. अंतर फक्त १०० यार्ड. मी बघायला गेले (बघायला, आई). पाणी पाचसहा अंश. माणसं सत्तरीचीसुद्धा. अंगावर पोहण्याचे कपडे आणि डोक्यावर लोकरीची कानटोपी, म्हणजे बाकीचं शरीर गोठलं तरी चालेल, कान शाबूत पाहिजेत. पाण्यात उतरताना कुणी ओरडत नाही. ओरडणं बहुतेक असभ्य असावं. बाहेर आल्यावर अंगाला लाल चट्टे उठलेले, दात वाजताहेत, ओठ निळे, आणि एकमेकांना सांगताहेत की आज पाणी फार छान होतं! मग गोधडीएवढा डगला अंगावर घ्यायचा, दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून घ्यायचे आणि आतल्या आत ओले कपडे बदलायचे. बाहेरून पाहिलं तर पोत्यात मांजर शिरल्यासारखं दिसतं. हे चालू असताना तो माणूस समोरच्याशी हवेबद्दल बोलत असतो. एका आजोबांना मी विचारलं, का करता हे? ते म्हणाले, बाहेर आल्यावर बरं वाटतं म्हणून. अहो, मग आतच जाऊ नका ना. असं बोलले नाही, मनात म्हणाले.

त्याच तळ्याकाठी १७९४ साली बुडालेल्यांना आणून ठेवायचं एक घर बांधलं होतं. १७७४ मध्ये काही डॉक्टरांनी मिळून संस्था काढली, तीच पुढं रॉयल ह्युमेन सोसायटी झाली; ते घर तिचंच. तोवर पाण्यातून काढलेला माणूस निपचित दिसला की मेलाच, असं धरत. यांनी प्रयत्न करणाऱ्याला बक्षीस लावलं: दोन गिनी, आणि माणूस वाचला तर चार. उपाय काही धड होते, काही भलतेच. भात्यानं तंबाखूचा धूर आत सोडायचे, कुठून ते लिहीत नाही. १७८७ ची त्यांची दोन चित्रं माझ्या गठ्ठ्यात होती. पहिल्यात तरुणाला उचलून आणताहेत, हात लोंबतोय, घरच्यांचा आकांत. दुसऱ्यात तोच पलंगावर उठून बसलाय. त्यांच्या पदकावर एक मूल विझलेल्या मशालीवर फुंकर घालतंय आणि लॅटिनमध्ये लिहिलंय, कदाचित एखादी ठिणगी दडलेली असेल. त्या दिवशी मी नोंद पुरी न करताच घरी आले.

पुढची शंभर-दीडशे वर्षं सोडून देते. तुला कंटाळा येईल. पोस्टरं सांगते. कालव्यात डुंबू नका, पाण्यातल्या गोगलगायींपासून येणारे किडे कातडीतून अंगात शिरतात, अशी. आणि बुडण्याची तर ढीगभर. ती जवळजवळ सगळी सारखीच: निळं पाणी, त्यातून वर आलेला एक हात, पाच बोटं पसरलेली. कुठल्याही देशाचं घे. चित्रकाराला दुसरं काही सुचत नाही आणि बघणाऱ्याला लगेच कळतं.

आई, तो हात खरा नसतो. हे लिहायलाच पत्र घेतलंय.

न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाचा लाइफगार्ड होता. त्यानं १९७० च्या सुमारास खरोखर गटांगळ्या खाणाऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं आणि बघून बघून लिहून ठेवलं. बुडणारा हात वर करून हलवत नाही. त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. तोंड पाण्यावर येतं ते घाईघाईनं श्वास सोडून पुन्हा घेण्यापुरतंच, आणि आवाजाला श्वास उरावा लागतो. तो उभाच असतो, पायसुद्धा मारत नाही. वीस ते साठ सेकंद. पाण्यात खेळतोय असंच वाटतं. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं: आवाज करणारं पोर ठीक असतं, गप्प झालेल्याकडे आधी धावायचं.

इथं नॅशनल गॅलरीत सरा नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं एक मोठं चित्र आहे, १८८४ चं, भिंतभर. नदीकाठी पोरं बसलीत. उजव्या कोपऱ्यात लाल टोपीचा एक मुलगा पाण्यात उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, कुणाला तरी हाक मारतोय. मी त्याच्यापुढं बराच वेळ बसले. त्याच्या पायाखाली जमीन आहे, छातीत हवा आहे, म्हणून तो हाक मारू शकतो.

मामानं एक हाक मारली असती तर, असं तू म्हणतेस. मी लहानपणापासून ऐकतेय. तू पायरीवर कपडे धूत होतीस, पाठ पाण्याकडे होती, चौदा वर्षांची होतीस. आई, त्याला हाक मारता आलीच नसती. तू ऐकली नाहीस असं नाही. ती मारलीच गेली नव्हती. तोंड वळवून बसली असतीस तरी कदाचित तुला तो खेळतोय असंच वाटलं असतं. फोनवर हे सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा हवापाण्याचं विचारलं.

यावर उत्तर लिहू नकोस.

चिनूला मात्र यंदा क्लासला घाला. दादाला मी बोलले आहे, फी मी पाठवेन, वहिनीची ना नाही. तू नको म्हणालीस तर तो घालणार नाही, म्हणून तुला विचारतेय. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळजवळ पाव पाच वर्षांखालची पोरं. घाबरवायला लिहीत नाही. बरं, घाबरवायलाच लिहिते.

आता बाकीचं. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचे पैसे या महिन्याच्या पैशात घातले आहेत, पुढं ढकलू नका. मनूच्या लग्नाला मी आदल्या दिवशी पोचते आणि चौथ्या दिवशी निघते. रजा तेवढीच मिळाली, खूप मागितली. साड्यांची खरेदी तुम्ही दोघी करा, मला फोटो पाठवू नका, मला आवडेल आणि मग रडू येईल. धाकटीचं आधी कसं, असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते तू ठरव, मी तिथं असेन तेव्हा हसून मान हलवेन. पुण्याच्या स्थळाला सध्या नाही कळव. मुलगा वाईट नाही, बोलले मी त्याच्याशी. पण माझं इथलं काम दीड वर्षानं वाढलंय. जूनमध्ये कायमची येते म्हटलं होतं ते आता होणार नाही. हे पहिल्याच पानावर लिहायला हवं होतं, माहीत आहे.

दीड वर्ष म्हणजे फार नाही. पगारही थोडा वाढलाय.

तुझी,
सुमी

ता. क. पोहण्याचा पोशाख गुडघ्यापर्यंत आहे, बाह्याही आहेत. तू विचारणारच होतीस.