धरण भरलं, खालच्या नदीचं काय?

मा. संपादक,

कालच्या अंकात नर्मदेवरच्या सरदार सरोवराचा ड्रोनमधून काढलेला फोटो अर्धं पान भरून छापलात. फोटो झकास, पण खाली जे लिहिलंय की जलविद्युत म्हणजे कुणाच्या केसालाही धक्का न लावता मिळणारी वीज, ते वाचून डोकंच फिरलं. केवडियापर्यंत गेलाच होतात तर तसंच खाली भरूचलाही जाऊन यायचं होतं ना.

आम्ही मूळचे बडोद्याचेच. आखाडात पाऊस लागला की बाबा रविवारी सकाळच्या पॅसेंजरने भरूचला जायचे आणि दुपारी पिशवीतून पाला मासा घेऊन यायचे (तिकडे चाकसी म्हणतात, बंगाल्यांचा हिलसा तो हाच). आई चिरायला बसली की आम्ही पोरं भोवती, कारण पोटातून गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन जाड लडी निघायच्या आणि त्या कुणाच्या ताटात जाणार यावरून भांडणं. काटे इतके की जेवताना सगळे गप्प.

मागच्या आखाडात मी गेलो. मासेवाल्या बाईने बर्फाच्या पेटीतून एक काढून दाखवला, डोळे आत गेलेले, कल्ला उचलून बघितला तर तपकिरी, म्हणजे शिळा. नर्मदेचा का विचारलं तर हसायलाच लागली, म्हणाली काका नदीत पाणी असेल तेव्हा या. भाव मात्र नदीचाच लावला!

अहो हा मासा समुद्रात राहतो आणि अंडी घालायला पावसाळ्यात पुराच्या गोड्या पाण्यावर वर चढतो, आणि नेमकं तेव्हाच यांना धरण भरायचं असतं. नदीपात्रातलं 1200 मेगावॉटचं वीजघर चाललं तर पाणी खाली येतं, ते बंद ठेवलं की वर्षानुवर्षं ठरलेले 600 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 600 घनफूट. एवढ्याशा धारेवर मासा चढेल? 2017 ला धरणाची दारं बंद झाली आणि पुढच्याच वर्षी समुद्राचं पाणी आत शिरून भरूचला नदी खारट. मग 2023 च्या सप्टेंबरात एकदम इतकं सोडलं की भरूच-अंकलेश्वरला लोकांच्या घरात पाणी. म्हणजे एकतर ठणठणाट नाहीतर होडी काढा. गंगेवर 1975 ला फराक्काचं धरण झालं आणि प्रयागपर्यंत जाणारा हिलसा खालीच अडकला, हे काय कुणाला माहीत नव्हतं?

वीज नको असं मी म्हणत नाही, माझ्याकडेही एसी आहे. पण आखाड-श्रावणात थोडे दिवस तरी नदीला नदीसारखं पाणी सोडा, एवढं मागायलाही बंदी आहे का. महाराष्ट्राला यातली 27 टक्के वीज मिळते हे तुम्ही आवर्जून छापता, भरूचच्या मच्छीमारांना मात्र आतल्या पानावर दोन ओळी.

आणि हो, रविवारच्या पुरवणीत हिलशाची रेसिपी होती, "ताजा हिलसा एक किलो, गाभोळीसकट". आणायचा कुठून तेही छापत जा. ही पुरवणी आमच्याकडे सोमवारी पोचते, तेवढं एजंटला सांगा, दोनदा फोन करून झाले.

– एक जुना वाचक, बडोदे