पिवळे बोल्ट

भोसरी, पुणे
गुरुवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज एमआयडीसीला सुट्टी. खोलीवरची पोरं गावाला गेलीत, मी एकटाच आहे. रविवारी फोनवर बाबा त्या बोल्टांबद्दल आणि माझं हे प्लेटिंगचं, लोखंडावर धातू चढवायचं काम सोडण्याबद्दल जे बोलले ते अजून डोक्यात घोळतंय. फोनवर समजावायला गेलो की आई मधेच डोळ्याला पदर लावते, मग माझंही बोलणं खुंटतं. म्हणून कागद घेतला.

बाबा, विहिरीवरच्या मोटारीसाठी पाठवलेले नट-बोल्ट डुप्लिकेट नाहीत. मी स्वतः प्लेटिंगच्या फिरत्या पिंपातून, बॅरलमधून काढलेत. तुम्ही म्हणालात, पहिले कसे पिवळेधमक होते, उन्हात धरले की मोरपंखी झाक मारायची, आणि हे पांढरेफटक. फरक तुम्ही बरोबर टिपलात. पण तो पिवळा रंग जस्ताचा नव्हताच. आम्ही लोखंडावर आठ-दहा मायक्रॉन जस्त चढवतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. लोखंडाच्या आधी ते स्वतः झिजतं, म्हणून बोल्ट टिकतो. त्या जस्तावर पांढरी भुकटी धरू नये म्हणून शेवटी बोल्ट थोडा वेळ क्रोमच्या पाण्यात बुडवायचा, त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. पिवळेपणा त्या क्रोमचा. तो क्रोम ‘हेक्झा’ जातीचा, विषारी. युरोपात 2006 पासून विजेच्या उपकरणांत आणि 2007 पासून गाड्यांत त्याला बंदी आली, मग इथली गिऱ्हाइकंही ‘ट्राय’ जातीचा क्रोम मागू लागली. ट्रायचा रंग असा निळसर पांढरा. मीठपाण्याच्या फवाऱ्यात 96 तास ठेवून पांढरा डाग पडला नाही, तरच आमचा माल गेटाबाहेर जातो. तेव्हा निर्धास्त लावा.

आता दुसरी गोष्ट. ही तीन वर्षं लपवून ठेवली होती.

आई, माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरचा वण बघून तू विचारलं होतंस, आणि मी वेल्डिंगची ठिणगी म्हणालो होतो. ते खोटं. तो त्याच हेक्झाचा वण आहे. तेव्हा मी दुसऱ्या प्लेटिंग शॉपमध्ये हार्ड क्रोमच्या, म्हणजे क्रोमचा जाड कडक थर चढवायच्या टाकीवर होतो. टाकीतलं पाणी काकवीसारखं लालकाळं, लिटरला अडीचशे ग्रॅम क्रोमिक ॲसिड. त्या टाकीत निम्म्याहून कितीतरी जास्त करंट धातू चढवण्यात जातच नाही, पाणी फोडून गॅस करण्यात जातो. बुडबुडे वर येऊन फुटतात आणि ॲसिडचा बारीक फवारा हवेत उडतो. तो ओढून घ्यायला टाकीच्या काठाला एक्झॉस्ट असतो. आमच्या पंख्याचा पट्टा तुटलेला, मागवलाय मागवलाय म्हणत दोन महिने गेले. माझा हातमोजाही फाटका. बोटावर साधं खरचटलं होतं, तिथे पेन्सिलीच्या टोकाएवढा गोल खड्डा पडला, पेरूत अळी शिरावी तसा. आणि दुखत नव्हता हो! दुखला असता तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो. माझ्या शेजारी वीस वर्षं काम केलेले एक चाचा होते, त्यांच्या नाकाच्या आतल्या पडद्याला आरपार भोक होतं. ते हसून दाखवायचे. मला हसू आलं नाही. पगार हातात पडला त्याच दिवशी मी ते शॉप सोडलं.

आता जिथे आहे तिथे हेक्झाची टाकीच नाही. गेल्या महिन्यात नाकात बॅटरी मारून तपासणी झाली, पडदा शाबूत आहे. ॲसिड आहे, नाही कशाला म्हणू, पिकलिंगला, म्हणजे लोखंडावरचा गंज काढायला लागतंच. पण मी हल्ली दिवसातला अर्धा वेळ लॅबमध्ये असतो. टाकीतलं 267 मिलिलिटर पाणी तिरक्या भिंतीच्या एका छोट्या डब्यात घ्यायचं, त्यात तळहाताएवढी पत्र्याची पट्टी उभी करायची आणि पाच-दहा मिनिटं करंट द्यायचा. एका टोकाला करंट जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. जास्तीच्या टोकाला पट्टी करपली की एक दुखणं, कमीच्या टोकाला काळवंडली की दुसरं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतेस ना, तेच. मालक आता टाकीत ब्राइटनर, म्हणजे चकाकी आणणारं रसायन टाकायच्या आधी मला पट्टी दाखवायला सांगतात.

आणि धुण्यात मी तुझाच मुलगा. तेलकट ताटावर पाणी थेंब थेंब होऊन थांबतं, स्वच्छ ताटावर सलग पसरतं. आम्हीही पार्ट टाकीत सोडण्याआधी तेच बघतो. नव्या पोरांना ते पटत नाही. मग जस्त पापुद्र्यासारखं सुटून येतं आणि सगळा लॉट परत ॲसिडात.

तेव्हा ‘हे ॲसिडात हात घालायचं काम सोड, मामाच्या दुकानात बस’ हे आता पुरे, बाबा. वजनकाट्यामागे बसून माझं मन रमणार नाही. खंडेनवमीला मशिनींची पूजा उरकून रात्रीच्या एसटीने निघतो, दसऱ्याला सकाळी घरी. नाकाच्या तपासणीचा कागद आणतो, आई, तू ताईकडून वाचून घे.

आणि फडताळातल्या डब्यात ते जुने पिवळे बोल्ट आहेत, ते चिमणीला खेळायला देऊ नका. ती सगळं तोंडात घालते.

तुमचा,
बाळू