पांढऱ्या बुटांवाचून अडलेली कवायत

महोदय,

'लहान मुलांच्या खेळाबाबत पूर्व भागातील पालक उदासीन' हे आपल्या कालच्या अंकातील वृत्त वाचले. परिसंवादातील मान्यवरांचे हे निदान ठळक मथळ्यात छापल्याबद्दल आपले आभार मानावेत, की त्यांपैकी किती जणांनी सोलापूरच्या या भागातील एखादा बोळ पाहिला आहे असे विचारावे, हे ठरेना. म्हणून हे पत्र.

माझी नात दुसरीत शिकते. मुलगा यंत्रमागावर आहे, सून घरी विड्या वळते. नातीच्या शाळेत शनिवारच्या कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे आहेत. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात, पाय रोज वाढणाऱ्या मुलीसाठी बुटांचा दुसरा जोड घेणे लांबणीवर पडले, तेव्हा शाळेने तिला कवायतीच्या तासाला पायरीवर बसवून इतरांच्या दप्तरांची राखण करायला लावले. घरी येऊन ती आईच्या सुपातील विड्यांची तोंडे मिटू लागली. बोटांचा व्यायाम तेवढा झाला म्हणायचा. शाळेत विचारणा केली, तर 'शिस्त म्हणजे शिस्त' असे उत्तर मिळाले. लंगडी आणि खो-खो या मातीत पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी खेळले गेले, हे त्यांना कोणी सांगावे?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. मात्र शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सहावी ते आठवीलाच, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे पहिली-दुसरीचा खेळाचा तास वर्गशिक्षिकेच्या गळ्यात, आणि गणित मागे पडले की तोच तास पहिल्यांदा कापला जातो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मागाच्या शेडला लागून असलेल्या एका खोलीत, किंवा दारापर्यंत टेम्पो लागलेल्या बोळात ती कशी करावी, यावर मान्यवरांनी प्रकाश टाकला असता तर बरे झाले असते. ज्यांना फी परवडते ते मुलांना टर्फवर आणि स्केटिंगला पाठवतात व 'जागरूक पालक' ठरतात.

जाता जाता आणखी एक. आपल्या क्रीडा पानावर आयपीएलला अर्धे पान मिळते आणि शालेय खो-खो स्पर्धेचा निकाल दोन ओळींत उरकला जातो. त्या दोन ओळींत मुलींची नावे तरी बिनचूक छापावीत, ही नम्र विनंती.

— एक नियमित वाचक, अशोक चौक, सोलापूर