माधवला: चार जीबीच्या लॅपटॉपचं दुखणं

कोल्हापूर

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझा लॅपटॉप सारखा हँग होतो म्हणून मागवलेले टास्क मॅनेजरचे (प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती कामात आहेत ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचे) दोन्ही फोटो मिळाले. ‘मशीन म्हातारं झालं, नवीनच घ्या’ असं दुकानदारानं सांगितलं म्हणून तू पैसे काढायच्या बेतात आहेस. आठ दिवस थांब. त्या फोटोंत प्रोसेसर जेमतेम १४ टक्के कामात दिसतोय, म्हणजे तो बिचारा वाट बघत बसलाय. मेमरी ९३ टक्के भरलीय आणि डिस्क १०० टक्क्यांवर. पण माझी नजर अडकली ती डिस्कखालच्या बारीक आकड्यावर: सेकंदाला १.६ एमबी. ओवीचं एखादं मोठं रेकॉर्डिंग कॉपी करताना हीच डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास एमबी सहज देते. आता शंभर टक्के राबूनही हाती दीड एमबीच का लागतंय, ते कळलं की तुझ्या लॅपटॉपचं सगळं दुखणं कळलं.

तुझ्याकडे रॅम आहे ४ जीबी. ही खरी, हाताला लागणारी मेमरी. त्यातला थोडा भाग ग्राफिक्स वगैरेसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून फोटोत ३.९ दिसतं. पण वर्ड, क्रोम किंवा तुझी रेकॉर्डिंगं हाताळणारी ऑडॅसिटी यांपैकी कुणालाच ही रॅम थेट दिसत नाही. विंडोज प्रत्येकाला स्वतःचा वेगळा पत्त्यांचा पट्टा देतं. ६४ बिटांच्या प्रोग्रामला तो कागदोपत्री १२८ टीबीपर्यंत मिळू शकतो! हीच व्हर्च्युअल मेमरी. या पट्ट्याचे ४ केबीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. कुठलं पेज रॅममध्ये कुठे ठेवलंय याची नोंद पेज टेबलात असते आणि प्रोसेसर प्रत्येक वेळी ती नोंद बघूनच पुढे जातो.

आता रॅम भरली आणि नवीन पेजला जागा हवी झाली, की बरेच दिवस कुणी न विचारलेलं पेज बाहेर काढावं लागतं. काही पेजेस आधी दाबून रॅममध्येच छोटी करून ठेवतात. विंडोज १० हे स्वतःहून करतं. तरीही भागलं नाही तर ती सी ड्राइव्हवरच्या पेजफाइल.सिस नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये जातात. पुढे वर्डला तेच पेज लागलं की प्रोसेसर अडतो, विंडोज डिस्कवरून ते परत आणतं आणि तोवर वर्ड गोठून बसतं. तू ‘हँग झालं’ म्हणतोस तो हाच क्षण.

तुझी डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी आहे. तिची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हव्या त्या जागेवर हेड (डिस्क वाचणारं टोक) सरकवायचं आणि ती जागा फिरून खाली यायची वाट बघायची, यात सहज १५ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर उड्या, आणि प्रत्येक उडीत हाती येणार एक पेज, फार तर शेजारची पाच-सहा पेजेस जास्त. दीड एमबीचं कोडं इथं सुटतं. रॅममधली गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तो वेळ एक सेकंद धरलास, तर डिस्कवरची गोष्ट यायला दीड दिवसाहून जास्त लागेल. असं अंतर असताना थोडीशी ये-जाही मशीनचा जीव काढते.

दुसऱ्या फोटोत ‘कमिटेड’समोर ७.४/९.२ लिहिलंय. ९.२ म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज. ७.४ म्हणजे ‘एवढी जागा देईन’ असा सगळ्या प्रोग्राम्सना मिळून विंडोजनं दिलेला शब्द. तो रॅमपेक्षा जास्त असला म्हणून बिघडत नाही, कारण दिलेली सगळी जागा एका वेळी कुणी वापरत नाही. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये हाच विचार मांडला: एखादा प्रोग्राम थोड्या काळात जेवढी पेजेस हाताळतो, त्याला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. सगळ्यांचे वर्किंग सेट मिळून रॅममध्ये मावले तर कुणाला काही कळतही नाही. मावले नाहीत तर एकाला आत घ्यायला दुसऱ्याला बाहेर काढायचं आणि लगेच त्यालाच परत आणायचं, हे अखंड सुरू होतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. एकीकडे वर्डमध्ये तीनशे पानांचा ओव्यांचा संग्रह, दुसरीकडे ऑडॅसिटीत आजींचं रेकॉर्डिंग आणि मागे क्रोमचे वीस टॅब. तुझ्याकडे हेच चाललंय.

मला मात्र व्हर्च्युअल मेमरीच्या या कल्पनेचं फार कौतुक आहे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात अ‍ॅटलस संगणक सुरू झाला. त्याची मुख्य मेमरी होती १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे मेमरीचा एक ठरावीक तुकडा) आणि जोडीला फिरत्या ड्रमवर ९६ हजार शब्दांची जागा. कुठला भाग ड्रमवरून कधी आणायचा हे तोवर प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागे. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम मशीनवर सोपवलं आणि लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसू लागली. तुझा लॅपटॉप आजही तेच करतो. त्याची पद्धत चोख आहे, फक्त त्याच्याकडे जागा कमी पडतेय.

तेव्हा दोन गोष्टी अजिबात करू नकोस. भाच्यानं सुचवलेलं रॅम साफ करणारं सॉफ्टवेअर टाकू नकोस. ते चालू प्रोग्राम्सची पेजेस जबरदस्तीनं बाहेर काढतं, आकडा घटकाभर सुंदर दिसतो आणि मग तीच पेजेस एकेक करून परत आणावी लागतात. आणि पेजफाइल बंद करू नकोस. मर्यादा ९.२ वरून ३.९ वर येईल आणि प्रोग्राम धडाधड पडतील, कदाचित न सेव्ह केलेल्या ओव्यांसकट.

करायचं ते असं. फोटोत ‘स्लॉट्स’समोर दोनपैकी एक वापरात दिसतोय, म्हणजे दुसरा रिकामा आहे. त्यात ८ जीबी रॅमची पट्टी बसली तर बहुतेक ये-जा थांबेलच. तुझ्या मशीनला बहुधा १.३५ व्होल्टची डीडीआर३एल जातीची रॅम लागेल. त्यानंतरच्या डीडीआर४ जातीची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. म्हणून घेण्याआधी मागचं झाकण काढून जुन्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो मला पाठव. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) टाकली तर उरलीसुरली ये-जाही जाणवणार नाही, कारण तिथं एक पेज मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं. दोन्हींचे पैसे एकदम निघणार नसतील तर आधी रॅम घे. एसएसडी फेरी लहान करते, रॅम ती फेरीच वाचवते.

या सगळ्याच्या आधी रेकॉर्डिंग्ज दुसऱ्या डिस्कवर काढून घे, आजच. लॅपटॉप पुन्हा विकत मिळेल, पण त्यात ओव्या गाणाऱ्या बायकांपैकी दोघी आता नाहीत. एवढं एक मला फोन करून सांग, की काढून झाल्या.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तुझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. रॅम बसली की मी एका रविवारी इस्लामपूरला येतो, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकून बघू. तोवर ऑडॅसिटी चालू असताना क्रोम पूर्ण बंद ठेवत जा.

काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग.

तुझा,
शशी