अण्णांच्या कागदाला मान दिल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

अण्णांना जाऊन परवा सहा महिने झाले. वर्षश्राद्धापर्यंत थांबलो तर हे पत्र राहूनच जाईल, म्हणून आज लिहीत आहे.

अण्णांनी २०२३ च्या पावसाळ्यात आपल्या वळणदार अक्षरात दोन पानी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत ते सांगणारा कागद, लिहिले आणि दोन साक्षीदारांच्या सह्या व नोटरीचा शिक्का घेऊन ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले. सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले होते. पण तेव्हा अशा कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. ती अट जानेवारी २०२३ मध्ये गेली, आणि फुप्फुसांचा आजार वाढत चाललेले अण्णा जणू त्याचीच वाट पाहत होते. तरीही आधीच्या रुग्णालयात 'असल्या कागदांवर आम्ही चालत नाही' एवढेच उत्तर मिळाले, आणि नको म्हणून लिहिलेली कृत्रिम श्वासाची नळी त्यांच्या घशात गेली.

तुम्ही तो कागद उभ्याने चाळला नाहीत. खुर्ची ओढून, चष्मा लावून दोन्ही पाने वाचलीत. धाकटा भाऊ म्हणाला, "नळी काढणे म्हणजे बापाला आपल्या हाताने मारणे." मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना जवळजवळ ४२ वर्षे सांभाळले, आणि अरुणाताईंना जगू द्यावे हे रुग्णालयातल्या या मंडळींचे म्हणणे २०११ मध्ये न्यायालयानेही मानले, हे उदाहरण त्याने दिले. तुम्ही त्या परिचारिकांविषयी आदरानेच बोललात. मग एवढेच म्हणालात, "अरुणाताईंना काय हवे होते, हे त्यांना कधी सांगता आले नाही. अण्णांनी लिहून ठेवले आहे. ते आत्ता इथे बसले असते तर काय म्हणाले असते?" भाऊ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आधी आमचे शुद्धलेखन तपासले असते." तो हसला, आणि मग त्या दिवसांत पहिल्यांदाच रडला.

नळी काढण्याआधी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे, त्यांचे लेखी मत, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे, या सगळ्याचा तेव्हा मला रागच आला होता. आज वाटते, तेवढ्या सह्या होत्या म्हणून दोन मुलांच्या खांद्यावरचे ओझे थोडे वाटले गेले. (खर्चाला कंटाळून थांबवले, असे म्हणणारे नातेवाईक निघालेच, त्यांना मी त्या सह्या दाखवल्या नाहीत.)

त्या दुपारी तुम्ही मॉनिटरचा पडदा भिंतीकडे वळवलात. मॉर्फिन आहे ते श्वासाची तगमग कमी करण्यासाठी, जीव लवकर जावा म्हणून नव्हे, हे भावाला समजेपर्यंत सांगितलेत. सिस्टरांनी ओल्या कापसाने अण्णांचे ओठ पुसले, आम्ही तुळशीचे पान ठेवले. नळी निघाल्यावर पाऊण तास तुम्ही तिथेच बसून होतात. नेमके हे कोणत्याही निकालपत्रात लिहिलेले नाही, आणि आभार मुख्यतः त्याचेच आहेत.

भावाला तो निर्णय अजूनही पुरता पटलेला नाही. पत्रात तुझेही नाव घालू का, असे काल विचारले. बराच वेळ थांबून तो म्हणाला, "घाल."

आपले कृतज्ञ,
अण्णांचे दोघे मुलगे